एकोणसाठ किलोंचे दान

"मी सही करणार नाही," असे मी सांगितले, तेव्हा वृंदाने कागद मागे घेतला नाही. टेबलावर तो होता तिथेच राहू दिला, त्यावर पेन आडवे ठेवले आणि ती चहाचे आधण बघायला ओट्याकडे वळली. वीस वर्षांत माझ्या सुनेने मला दिलेले ते पहिले उलट उत्तर होते.

रघुनंदनला जाऊन सात दिवस झाले होते. अमेरिकेतल्या मोंटाना नावाच्या त्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्याच्या लाकडी घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवले होते, आणि तेही त्याच्या अस्थी न्यायला. सोबत माझा धाकटा भाऊ बापू होता. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच तो कोल्हापूरला आमच्या गुळाच्या अडतीवर आला आणि पुढची चाळीस वर्षे काट्याशी बसला. मापात तो कधी चुकला नाही, आणि बोलण्यात त्याने कधी माप पाळले नाही.

"अक्का, वाच तरी की," बापू म्हणाला. "न वाचता नाही म्हणायला तू काय मामलेदार आहेस?"

"वाचले आहे."

"मग?"

"वाचले म्हणूनच नाही म्हणते."

कागदावर इंग्रजीत चारच ओळी होत्या. रघुनंदन नेसरीकर यांच्या मृत्यूस कारण झालेल्या ग्रिझली अस्वलाच्या मादीने आपल्या पिल्लांच्या रक्षणासाठी हल्ला केला, हे आम्ही जाणतो. तिला ठार करू नये, अशी आम्हा कुटुंबीयांची विनंती आहे. खाली वृंदाची सही होती. तिच्या शेजारी माझे नाव टंकलेले होते आणि नावावर मोकळी जागा.

वृंदाने कप आणून ठेवले. तिचे डोळे कोरडे होते. माझेही होते. त्या घरात त्या दिवसांत कोणी रडत नव्हते. फक्त फ्रिज मधूनमधून घरघरायचा आणि थांबायचा.

"जिजी, शुक्रवारी सकाळी वनखात्याचे लोक ठरवणार आहेत," ती म्हणाली. "तिला पिल्लांसकट पकडून ठेवलंय. सोडायचं की मारायचं, एवढंच राहिलंय. नियम तिच्या बाजूने आहे, गाव नाही. आणि आता गावाच्या हातात तुमचं वाक्य आहे."

माझे वाक्य खरे होते. दोन दिवसांपूर्वी विमानतळावर उतरल्यावर तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राची एक मुलगी वही घेऊन पुढे आली होती. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. मला ते समजते, परंतु परक्यांसमोर मी ते वापरत नाही. त्या दिवशी वापरले. 'त्या जनावराला मारा,' एवढेच मी म्हटले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर आले, वर मथळा: मृताच्या आईची मागणी.

"बोलले ते बोलले," मी म्हटले. "शब्द मागे घेण्याची रीत नेसरीकरांच्या घरात नाही. तुझ्या सासऱ्यांनी बाजार कोसळला तेव्हासुद्धा बोललेला भाव मागे घेतला नव्हता."

"तो गूळ होता, जिजी."

"आणि हा माझा मुलगा होता."

बापूने बशीत चहा ओतला. "अगं, मारून रघू परत येणार आहे का?"

"सोडूनही येणार नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाकिटांची चळत होती. रोज दुपारी पोस्टमन आणखी आणून टाकायचा. मृत्यूच्या बातमीखाली वृंदाने छापून घेतले होते, की फुले पाठवू नयेत. त्याऐवजी या खोऱ्यातल्या अस्वलांसाठी जो निधी आहे, त्याला यथाशक्ती द्यावे. तिकडे तशी पद्धत आहे. शेजारची एक वृद्ध बाई तर सकाळी दारात येऊन, माझा हात धरून, पाकीट माझ्याच हातात ठेवून गेली होती. मी ते चळतीवर ठेवले आणि हात धुतला.

"हे एक मला सांग, वृंदा. माझ्या मुलाच्या नावाने त्याच्या मारेकऱ्याला दान. हे कोणत्या शास्त्रात बसते?"

"त्यानेच सांगून ठेवलं होतं."

"कधी?"

"नेहमीच. दर वर्षी जंगलात जाताना सांगायचा, मला काही झालं तर फुलं नकोत. मी म्हणायची, गप्प बस." ती थांबली. "आणि जिजी, मारेकरी म्हणू नका. तिने त्याला खाल्लं नाही. मारलं आणि पिल्लांना घेऊन निघून गेली."

हे तिने भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितले. मीही तसेच ऐकले. चहा पिऊन झाल्यावर मी कप विसळून पालथा घातला, कारण तेवढे एक काम माझ्यासमोर होते.

अस्वलांच्या या दानाशी माझे वैर त्या आठवड्यातले नव्हते. ते चार वर्षांचे होते.

माझी एकसष्टी आम्ही थाटाने केली होती. माझा जन्म ऋषिपंचमीचा. घरात वाढदिवस तिथीने होतात, म्हणून गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातल्या आमच्या वखारीपुढे मांडव पडला, आणि मोठ्या तराजूत एका पारड्यात मला बसवून दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचल्या. तुला झाली. वजन एकोणसाठ किलो भरले. बापूने अडतीच्या रिवाजाप्रमाणे माप मोठ्याने पुकारले. आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, दुसऱ्यापासून आकडे. मी हातावर पाणी घेऊन सोडले आणि तो गूळ मुलींच्या वसतिगृहाला दिला.

रघुनंदन आला नव्हता. तिथल्या विद्यापीठात तो मातीचा शास्त्रज्ञ होता आणि सप्टेंबरात त्याला सुटी नसे. त्याचे पत्र मात्र त्याच सकाळी आले. बापूला वाटले, मुलाचे पत्र म्हणजे आशीर्वादाचाच भाग, म्हणून त्याने ते भर मांडवात वाचायला घेतले. त्यात लिहिले होते, की जिजी, तुझ्या एकसष्टीनिमित्त तुझ्या नावाने मी इथल्या ग्रिझली अस्वलांसाठी देणगी दिली आहे. मग आमच्या व्यापाऱ्यांपैकी कोणीतरी मागून म्हणाले, "घ्या! जिजींच्या पंगतीला अस्वल बसलं!" चारशे माणसे हसली. बापूही हसला.

त्या दिवसापासून मी रघुनंदनशी बोलले नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मी फोनशेजारच्या खुर्चीत बसलेली असायचे आणि धाकट्या पुतण्याची बायको सांगायची, की जिजी देवळात गेल्या आहेत. त्याला कळत असणार. चार वर्षे दर रविवारी देवळात जाणारी बाई मी नव्हे. ऋषिपंचमीला मात्र तो वाराची वाट न पाहता फोन करायचा आणि एकच निरोप ठेवायचा: "जिजीला सांगा, झालं." काय झाले, हे मी कधी विचारले नाही. विचारणे म्हणजे बोलणे झाले असते.

या वर्षी ऋषिपंचमीला तो फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी वृंदाचा आला.

त्या तुलेची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकसष्टीनंतर तीन महिन्यांनी बापू तणतणत घरी आला होता. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने निम्मा गूळ स्वतःच्या घरी नेल्याचे त्याला कळले होते. "चल, जाऊन जाब विचारू," म्हणाला. मी नकार दिला. "पाणी सोडले तिथे आपला संबंध सुटला. दिलेल्याची चौकशी करत नाहीत," असे मी त्याला पुतण्यांसमोर बजावले. त्याला ते पटले नव्हते. मला माझ्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

गुरुवारी सकाळी वनखात्याचा अधिकारी घरी आला. हॅलिगन त्याचे नाव. पन्नाशीचा, उंच, रापलेला माणूस. दाराशी बूट काढून, टोपी हातात घेऊन आत आला, त्यावरून मला त्याच्या आईविषयी चांगले मत झाले. त्याच्या हातात एक मोठी कागदी पिशवी होती.

"मॅडम," तो मला म्हणाला, "तपास पूर्ण झाला. त्याच्या वस्तू परत द्यायला आलो. सहीसाठी आलेलो नाही."

"बरे केलेत," मी मराठीतच म्हटले. वृंदाने त्याला ते इंग्रजीत सांगितले, थोडे मऊ करून.

त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडली. घड्याळ. चष्म्याचे घर, चष्मा नव्हता. पाण्याची बाटली. अस्वल अंगावर आल्यास फवारायचा मिरचीचा डबा, सील न तुटलेला. "काढायला वेळच मिळाला नाही," हॅलिगन म्हणाला. "झाडीपलीकडे ती होती. वारा त्याच्याकडून तिच्याकडे नव्हता, उलटा होता. तिलाही तो अचानकच दिसला."

मग त्याने पिशवीत हात घालून एक ताणकाटा काढला. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळी पट्टी. हातात धरून किंवा फांदीला टांगून पोते तोलायचा. पट्टीवर देवनागरीत कोरलेले होते: नेसरीकर, मार्केट यार्ड.

मी बापूकडे पाहिले. बापू खिडकीबाहेर पाहू लागला.

"हा काटा चार वर्षांपूर्वी वखारीतून हरवला होता," मी म्हटले.

"हो."

"आठ दिवस तू सगळ्या हमालांच्या पिशव्या झाडायला लावल्या होत्यास."

"झाडायला तू लावल्या होत्यास, अक्का. मी नुसता उभा होतो." त्याने घसा खाकरला. "रघूनं मागितला. यार्डातल्या साठ्यांचा जावई इकडं येत होता, त्याच्याबरोबर धाडला. तुला सांगितलं असतं तर तू धाडू दिला असतास काय?"

"कशाला मागितला?"

"ते नाही सांगितलं त्यानं. तुझं वजन तेवढं विचारलं. म्हणजे आकडा पक्का करून घेतला."

हॅलिगनला आमचे बोलणे समजत नव्हते. तो थांबून राहिला आणि मग त्याने खिशातून तीन कागदी चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला.

"हे आमच्यापैकी कोणालाच वाचता आले नाही," तो म्हणाला. "तिथे तीन पोती भरून, तोंडे बांधून ठेवलेली होती. प्रत्येकाला एक चिठ्ठी."

चिठ्ठ्या मी हातात घेतल्या. पहिलीवर लिहिले होते: लाभ – १४. दुसरीवर: दोन – १३. तिसरीवर: तीन – १४. अक्षर रघुनंदनचे. 'भ'ची गाठ तो लहानपणापासून चुकीची काढायचा आणि मी ती गिरवून घ्यायचे. ती चुकीचीच होती.

"कशाची पोती?" मी विचारले, आणि हे मी इंग्रजीत विचारले.

"सफरचंदांची, मॅडम."

मग त्याने सांगितले, आणि वृंदा ते बापूला मराठीत सांगत गेली. गावाजवळच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवाल्यांची एक बेवारस बाग आहे. झाडे अजून फळतात. हिवाळ्याआधी अस्वलांना भूक अनावर असते. ती या फळांना सोकावतात, मग तिथून खाली गावातल्या परसांत उतरतात, आणि गावात उतरलेले अस्वल आज ना उद्या गोळीने मरते. म्हणून तो निधी चालवणारी मंडळी दर सप्टेंबरात अशा बागा उतरवून फळे दूर घोड्यांच्या तबेल्यात पाठवतात, मधाच्या पेट्यांना आणि खुराड्यांना विजेची कुंपणे घालून देतात. लोकांच्या देणगीवर हे चालते. रघुनंदन पंधरा वर्षे त्यांच्यात होता, आणि हॅलिगनही सवडीने त्यांच्याबरोबर जायचा.

"म्हणजे अस्वलाला द्यायचं, ते त्याच्या तोंडचं काढून!" बापू हळूच म्हणाला. "रघूचं गणित पहिल्यापासून उलटंच."

"फळं उतरवायला आम्ही नेहमी चौघं-पाचजण जातो, एकट्याने जायचे नाही हा नियम त्यानेच केलेला," हॅलिगन पुढे सांगत होता. "वर्षातला एक दिवस मात्र तो एकटा जायचा. कोणाला बरोबर येऊ द्यायचा नाही. तारीख दर वर्षी वेगळी असायची, आम्हाला तिचा मेळ कधी लागला नाही. आणि त्या दिवशी तो ठरावीकच फळे काढायचा. एकोणसाठ किलो. झाडे लगडलेली असली तरी एकोणसाठला थांबायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो. तो म्हणायचा, हे माझ्या घरचे काम आहे."

फ्रिज घरघरला आणि थांबला.

वृंदा ओट्याला टेकून उभी होती. "मला माहीत होतं, जिजी," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नाही, अशी मला शपथ होती. तो म्हणायचा, जिजी बोलेल तेव्हा मीच सांगेन."

मी चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. चौदा, तेरा, चौदा. एक्केचाळीस. वजाबाकी मला बोटांवर करावी लागली, याचे मला आजही आश्चर्य वाटते. गुळाच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला. मला काहीच वाटत नव्हते. बधिर झालेल्या हातावर दुसऱ्या कोणाचा तरी हात फिरावा, तसे ते सगळे माझ्यावरून जात होते.

"अठरा राहिले," मी म्हटले.

"काय?" बापूने विचारले.

"अठरा किलो राहिले आहेत. वृंदा, यांना विचार, मला त्या बागेत नेतील का. आत्ता."

हॅलिगनने आधी नाही म्हटले. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि बंदूक आणायला तो गाडीकडे गेला.

बाग म्हणजे बाग नव्हतीच. गुडघाभर गवत, वाकलेली पंधरा-वीस झाडे, आणि थंड हवेत आंबटगोड, किंचित कुजका वास. आमच्या वखारीत गूळ सुटला, पाझरू लागला की येतो तसा. एका जागी गवत आडवे झाले होते आणि माती खरवडून नवी टाकली होती. ती जागा कोणी मला दाखवली नाही. दाखवण्याची गरज नव्हती. तिच्याजवळच्या झाडाखाली तीन पोती उभी होती, खात्याने तपासासाठी राखून ठेवलेली. चौथे रिकामे पोते घडी करून त्यांच्या शेजारी ठेवलेले होते.

हॅलिगन झाडीकडे तोंड करून उभा राहिला. मी पदर खोचला.

"अक्का, मी काढतो, तू बस," बापू म्हणाला.

"ही तुला माझी आहे. तू काट्याशी उभा राहा."

खालच्या फांद्यांवरची फळे माझ्या हाताला येत होती. वरची वृंदा काढून देत होती. लहान, डाग पडलेली, पक्ष्यांनी टोचलेली फळे. आम्ही दोघी कित्येक वर्षांत इतका वेळ एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिलो नव्हतो. ती फळ द्यायची, मी पोत्यात ठेवायचे. एकदा तिने फळ वरूनच पोत्यात टाकले, तेव्हा टाकू नकोस, ठेव, असे मी तिला सांगितले.

"ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नसतं, नाही का?" मध्येच ती म्हणाली.

"नसते."

"हे त्याने मला या बागेवरून सांगितलं होतं. म्हणाला, इथे शंभर वर्षांत नांगर फिरलेला नाही, जिजीला चालेल."

मी पुढचे फळ घेतले.

पोते तोंडापर्यंत भरल्यावर बापूने काटा फांदीला टांगला, आकड्यात पोत्याचे तोंड अडकवले आणि काटा स्थिर होण्याची वाट पाहिली. चाळीस वर्षे पाहत आला तशीच. मग पुकारले. आवाज मध्येच फाटला, परंतु त्याने पुकारले, "चार! साडेअठरा!" आणि खालच्या आवाजात विचारले, "अर्धा किलो जास्त आहे, अक्का. तीन-चार फळं काढू का?"

"राहू दे. दानाचे पारडे झुकतेच ठेवायचे असते."

मी वृंदाकडे हात पुढे केला. तिला कळले. रघुनंदनची पाण्याची बाटली तिने बरोबर आणली होती. तिने माझ्या उजव्या तळव्यावर पाणी ओतले आणि मी ते बोटांवरून त्या चार पोत्यांवर सोडले. संकल्पात कोणाचे नाव घ्यायचे, हे बापूने विचारले नाही. मीही घेतले नाही.

"झालं," मी म्हटले.

हा शब्द तीन वर्षे माझ्या घरी येऊन परत गेला होता.

खाली उतरताना मी हॅलिगनला ती मादी दाखवायला सांगितले. कार्यालयामागच्या आवारात चाकांवर चढवलेला एक लोखंडी नळ, म्हणजे पिंजराच, होता, माणूस उभा राहील एवढा, तोंडाला जाळी. आत अंधार होता. वास होता, आणि श्वासाचा आवाज. शेजारच्या लहान नळातून पिल्ले ओरडत होती आणि प्रत्येक वेळी ती ओरडली, की मोठ्या नळातला श्वास थांबायचा. मी जाळीपुढे दोन मिनिटे उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिले की नाही, ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनात राग शोधून पाहिला. तो तिथे असायला हवा होता. नव्हता. दयाही नव्हती. एवढेच होते, की हे माझ्या नावाने दिलेले होते. माझ्या मुलाने चार वर्षे, माझ्या वजनाने, माझ्या तिथीला. पाणी तेव्हाच सुटले होते. विमानतळावरचा माझा शब्द त्यानंतरचा, म्हणून तो चालणार नव्हता.

"वृंदा, तो कागद कुठे आहे?"

तो तिच्या पर्समध्ये होता. तिने तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही कडा दाबून धरल्या. मी मराठीत सही केली. भागीरथी विठ्ठल नेसरीकर. पूर्ण.

"थँक यू, मॅडम," हॅलिगन म्हणाला. "वर्तमानपत्राला आम्ही कळवू, की ते वाक्य दुःखाच्या भरात तोंडून गेलं. लोक समजून घेतील."

"तसे काही कळवू नका," मी म्हटले. ते मी त्याला समजेल अशा भाषेत, एकेक शब्द सुटा करून सांगितले. "मी पूर्ण शुद्धीत बोलले होते. मृताच्या आईने मागणी केली होती, असेच छापा. आणि तिने ती मागे घेतली, असे छापा."

बापूने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते न बोलता मिटले.

तसे छापून आले. ते कात्रण माझ्या कपाटात आहे, त्याच्याबरोबर तीन चिठ्ठ्या. नेसरीकरांच्या घरात शब्द मागे घेतल्याची तेवढी एकच नोंद आहे, आणि ती परक्या मुलखातल्या परक्या भाषेत आहे.

याला पंचवीस वर्षे झाली. बापू आता नाही. मी नव्वदीची आहे आणि माझे वजन बेचाळीस किलो भरते. दर ऋषिपंचमीला वृंदाचा फोन येतो आणि तो मी स्वतः उचलते. ती आता पासष्टची आहे, चार माणसे बरोबर घेऊन जाते. "जिजी, झालं," ती म्हणते. "किती?" मी विचारते. "एकोणसाठ," ती सांगते, आणि मी तिला दुरुस्त करत नाही.

त्या मादीला पिल्लांसह उत्तरेला नेऊन सोडले, एवढे मला त्या वेळी कळवण्यात आले होते. पुढे तिचे काय झाले, हे वृंदाला बहुधा ठाऊक असेल. मी विचारलेले नाही. दिलेल्याची चौकशी करत नाहीत.